जुन्या कोब्याला घरच्या घरी रंग चढवायचाय? मग आधी हे वाचा

आमचं घर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्या भागातली दगड-मातीची माळवदं गेली आणि पुढच्या काही वर्षांत सिमेंटची घरं उभी राहिली. सोप्यापासून, म्हणजे पुढच्या ओसरीपासून, स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडं एकच राखाडी कोबा, म्हणजे सिमेंटची घोटलेली जमीन. तीस वर्षांत तो कुठं झिजला, कुठं तेल प्यायला, कुठं पोत्यांच्या ओझ्यानं काळवंडला. दिवाळी जवळ आली की घरोघरी एकच विषय निघतो, "औंदा फरशी टाकून घेऊ."

फरशी जरूर टाका, पण कोबा खालून घट्ट असेल तर तो फोडायची किंवा झाकायची घाई करू नका. त्याच कोब्याला तपकिरी, मातकट, तांबूस रंग चढवता येतो आणि वरून सील केलं, म्हणजे रक्षणाचा पारदर्शक लेप दिला, की तो पुसायलाही सोपा होतो. मी आमचा सोपा, मधली खोली आणि बाहेरचा ओटा असा रंगवला. पहिल्या वेळी चुकलं, दुसऱ्या वेळी जमलं. त्या दोन्ही वेळांमध्ये जे कळलं ते इथं क्रमानं लिहिते, म्हणजे तुमचे पैसे आणि कष्ट वाया जाणार नाहीत.

आधी एक फरक लक्षात घ्या. ऑइल पेंट कोब्याच्या वर बसतो. खालून ओल आली की तो पापुद्र्यासारखा सुटतो. आमच्या सोप्यात हेच झालं. तालुक्याच्या दुकानदारानं "फरशीला पण चालतोय की" म्हणून डबा दिला, उन्हाळ्यात लावला, दिसायला झकास दिसला. श्रावणात कॉटच्या पायाखाली फोड आले आणि दसऱ्यापर्यंत निम्मा रंग केरसुणीबरोबर बाहेर गेला. रंग चढवणं, म्हणजे ज्याला स्टेन करणं म्हणतात, ते वेगळं आहे. त्यात रंग कोब्याच्या छिद्रांत उतरतो किंवा सिमेंटमधल्या चुन्याशी त्याची क्रिया होते. मग त्याचे पापुद्रे निघत नाहीत. पण तो कोब्याचे डाग झाकतही नाही, उलट उघडे करून दाखवतो. हे मान्य असेल तरच पुढं जा.

१. कोणता रंग घ्यायचा ते ठरवा

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात.

पाण्यातला काँक्रीट स्टेन: रंगाचे बारीक कण छिद्रांत बसतात. रंगांची निवड भरपूर, वास नाही, वापरायला सोपा. मात्र कोबा पाणी शोषणारा हवा. मोठ्या शहरातल्या रंगाच्या दुकानात सांगून ठेवावं लागतं.

ॲसिड स्टेन: यात हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि धातूंचे क्षार असतात. सिमेंटमधल्या चुन्याशी क्रिया होऊन तपकिरी, हिरवट, निळसर अशा मोजक्याच छटा येतात. दिसतो सुंदर, संगमरवरासारखा ढगाळ. पण वाफ नाकाला झोंबते आणि नंतर सोडा घालून फरशी धुवावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्यानं घरात, बंद खोलीत याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार आपल्या अगदी ओळखीचा. फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस. चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडला, पानं पिवळी झाली की आपण कृषी सेवा केंद्रातून जे हिरवट खडे आणतो तेच. रानात काय होतं? जमिनीतला चुना लोहाला धरून ठेवतो आणि पिकाला मिळू देत नाही. कोब्यात हेच आपल्या कामाला येतं. सिमेंटमधला चुना लोहाला पकडतो, त्याला हवा लागते आणि ते गंजाच्या रंगाचं होऊन तिथंच बसतं. पिवळसर तांबूस ते गडद तपकिरी अशा छटा येतात. उन्हानं हा रंग सहसा उडत नाही, त्यामुळं ओट्यालाही चालतो. स्वस्त आहे, गावातच मिळतो. मी हाच वापरला, म्हणून पुढच्या पायऱ्या मुख्यतः याच्याच आहेत. पाण्यातला स्टेन घेतलात तरी तयारी, ओलीची परीक्षा आणि सीलिंग तेच.

खरेदी करताना दोन गोष्टी बघा. पिशवीवर "फेरस सल्फेट" आणि लोह १९ टक्के असं लिहिलेलं हवं. "चिलेटेड" लिहिलेलं घेऊ नका. त्यातलं लोह चुन्याच्या तावडीत सापडू नये म्हणूनच तसं बांधलेलं असतं, त्यामुळं कोब्यावर त्याचा रंग नीट येत नाही. आणि खडे हिरवट, फिके हवेत. जुना माल हवा लागून पिवळा-तपकिरी पडलेला असतो, तो अर्धा कामातून गेलेला समजा.

२. हंगाम निवडा

आपल्याकडं या कामाला कार्तिक ते माघ, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हाच काळ बरा. पावसाळ्यात काळ्या रानातली ओल पायातून वर येत असते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो, कोबा तापलेला असतो, द्रावण लावता लावता सुकतं आणि ब्रशचे पट्टे उमटतात. उन्हाळ्यातच करावं लागलं तर पहाटे करा, पंखे बंद ठेवा.

कोबा नवा केला असेल तर किमान २८ दिवस थांबा. त्यात आधीचे सात-आठ दिवस पाणी मारणं आलंच.

३. कोब्याच्या चार परीक्षा घ्या

ही पायरी मी पहिल्या वेळी सोडली होती. तुम्ही सोडू नका. पहिल्या तीन परीक्षांना एक दिवस जातो, भेगांच्या परीक्षेला दोन-तीन महिने, पण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

पाण्याचा थेंब: खोलीत पाच-सहा जागी चमचाभर पाणी टाका. दोन-तीन मिनिटांत कोबा ते पिऊन गडद झाला तर रंगही पिईल. थेंब मोत्यासारखा तसाच उभा राहिला तर तिथं तेल, मेण, जुना रंग किंवा फार गुळगुळीत घोटाई आहे. आमच्या मधल्या खोलीत देव्हाऱ्यापुढं हात-दीड हात जागेत पाणी मुळीच शिरत नव्हतं. समईचं तेल तीस वर्षं सांडत आलेलं!

ओल: हातभर लांब-रुंद, साधारण दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद कोब्यावर पसरा आणि चारही बाजूंनी टेप लावून हवाबंद करा. किमान १६ तास ठेवा, म्हणजे संध्याकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी दुपारी उघडा. कागदाच्या खालून थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला तर खालून ओल येते आहे. अशा जागी रंग चढेल, पण वरचा सीलर पांढुरका होईल किंवा सुटेल. आणखी महिनाभर थांबून पुन्हा तपासा. भिंतीलगत पांढरी पूड फुटत असेल, म्हणजे खार येत असेल, तर आधी ओलीचा बंदोबस्त. न्हाणीचा पाइप गळतो का, मागच्या बाजूला सांडपाणी मुरतं का ते बघा.

आवाज: रुपयाचं नाणं किंवा थापीचं टोक हलकेच आपटत खोलीभर फिरा. जिथं "बद्द" असा पोकळ आवाज येतो तिथं वरचा थर खालच्यापासून सुटलेला आहे. तेवढा भाग काढून नव्यानं भरावा लागेल.

भेगा: आपल्याकडं काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. पायाखाली मुरमाची भर कमी पडली असेल तर कोब्याला भेग जाते आणि दरवर्षी ती कमी-जास्त होते. भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ मारून शेजारी तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत रेघ तुटून सरकली तर भेग जिवंत आहे, तिच्यात सिमेंट भरून उपयोग नाही, पुन्हा फुटेल. न सरकणारी भेग भरता येते. पण भरलेली जागा वेगळ्या रंगाची दिसणारच, नवं सिमेंट वेगळं रंगतं. आमच्या सोप्यातली उंबरठ्यापासून खांबापर्यंत गेलेली बारीक भेग मी भरलीच नाही. आता ती गडद तपकिरी रेघ झाली आहे आणि वाईट दिसत नाही.

४. सामान जमवा

दहा बाय बाराच्या एका खोलीसाठी, म्हणजे १२० चौरस फुटांसाठी, मला लागलं ते असं:

- फेरस सल्फेट १ किलो
- पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार
- प्लास्टिकच्या दोन बादल्या, प्लास्टिकचा मग
- हातानं दाबायचा नवा प्लास्टिक पंप, दोन लिटरचा
- नायलॉनचा किंवा काथ्याचा लांब दांड्याचा ब्रश
- धुण्याचा सोडा, साधं कपडे धुण्याचं पावडर
- पॉलिश पेपर ८० आणि १२० नंबरचे, किंवा दिवसभरासाठी घिसाईचं मशीन
- मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं
- रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, पायात रबरी चप्पल
- वायपर, सुती फडकी भरपूर
- सीलर आणि रोलर

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथं बरेच जण फसतील. आपल्या बोअरचं पाणी जड. त्यात हिराकस टाकलं की द्रावण बादलीतच गढूळ, गंजासारखं होतं. जे लोह कोब्यात बसायला हवं ते बादलीच्या तळाशी बसतं. पिण्याचा फिल्टरचा जार किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. द्रावण फिकट हिरवं आणि आरपार दिसणारं राहिलं पाहिजे.

पंप शेतातला घेऊ नका. तणनाशकाचा अंश राहिलेला असतो, शिवाय पितळी नोझल खराब होतं. बादलीही लोखंडी नको. तारेचा ब्रश तर नकोच. त्याचे तुकडे कोब्यात अडकतात आणि नंतर गंजाचे ठिपके उठतात.

५. साफसफाई आणि घिसाई

खोली पूर्ण रिकामी करा. कणगी, कपाट, कॉट, सगळं बाहेर. अर्ध्या खोलीचं सामान सरकवून अर्धी-अर्धी रंगवायची युक्ती करू नका, मधला जोड आयुष्यभर दिसतो.

आधी कोरडा केर काढा. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तेलकट जागा ब्रशनं घासा, दहा मिनिटं राहू द्या, वायपरनं ओढा. देव्हाऱ्यापुढची जागा मी चार वेळा धुतली. प्रत्येक वेळी वाळल्यावर थेंबाची परीक्षा पुन्हा घेतली. थेंब शिरू लागला तेव्हाच पुढं गेले.

जुना ऑइल पेंट असेल तर तो घासूनच काढावा लागतो. कोबा ओला ठेवूनच घासा. सुक्या घिसाईतली सिमेंटची धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क लावला तरी घर धुळीनं भरतं. मोझाइक फरशी पॉलिश करणारे कारागीर लातूर, नांदेड, परभणी अशा शहरांत असतात. त्यांचं मशीन एक दिवस आणलं तर दोन खोल्या होतात. आमच्याकडं आलेले मिस्त्री मामा मशीन लावायच्या आधीच म्हणाले, "ताई, लई गुळगुळीत करू नगा. काच केली तर रंग कुठून पेल?" त्यांचं बरोबर होतं. १२० नंबरच्या पुढं जायची गरज नाही. वरचा जुना, मेलेला थर निघाला आणि तळहात फिरवल्यावर बारीक रवाळ लागलं की थांबा.

एक मोठा सापळा: संडास धुवायचं ॲसिड. "ॲसिड मारलं की कोबा लख्ख होतो" असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. कोबा लख्ख होतो हे खरं, पण ते ॲसिड वरचा चुनाच खाऊन टाकतं आणि आपला रंग तर चुन्यावरच चढतो. मी सोप्याच्या एका कोपऱ्यात पहिल्यांदा ॲसिड टाकलं होतं. आज दोन वर्षांनंतरही तो कोपरा बाकीच्यापेक्षा फिका आहे, रंगाचे दोन हात, म्हणजे दोन थर, जास्त देऊनही. आणि ब्लीचिंग पावडर किंवा फिनेलबरोबर ॲसिड कधीच एकत्र करू नका. ब्लीचिंगबरोबर क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

धुतल्यावर कोबा दोन-तीन दिवस वाळू द्या. भिंतीची खालची वीतभर पट्टी, चौकटी आणि उंबरठा टेप आणि वर्तमानपत्रानं झाका. उंबरठा शहाबादीचा असेल तर विशेष जपा. शहाबादी हा चुनखडीचाच दगड, हिराकसाचा एक ओघळ गेला तरी कायमचा तांबडा डाग बसतो.

६. नमुना करून बघा

कपाटाखाली किंवा दाराआड येईल अशी फूट-दीड फूट जागा निवडा. तिथं तीन चौकोन आखा. एका लिटर पाण्यात एकात ५० ग्रॅम, दुसऱ्यात १०० ग्रॅम हिराकस विरघळवून लावा आणि तिसऱ्यात १०० ग्रॅमचंच द्रावण दोन वेळा. एक दिवस थांबा. मग ओल्या फडक्यानं पुसून, त्यावर सीलरचा हात देऊन बघा. सीलरनं रंग गडद आणि ओला दिसतो. सुक्या नमुन्यावरून ठरवलंत तर शेवटी फार काळपट झालं असं वाटेल.

दोन शेजारी, एकाच वर्षी बांधलेली घरं असली तरी रंग वेगळा येतो. वाळू गोदावरीची होती की मांजरा नदीची की क्रशची, सिमेंट किती टाकलं, घोटाई कशी झाली, पाणी किती मारलं, हे सगळं त्यात उतरतं. म्हणून दुसऱ्याच्या घरातली फरशी बघून प्रमाण ठरवू नका.

७. रंग चढवा

सकाळी लवकर सुरू करा. खिडक्या उघड्या, पंखा बंद. लेकरं, कोंबड्या, मांजर बाहेर. हातमोजे, चष्मा, मास्क लावूनच द्रावण कालवा. अंगावर टाकाऊ कपडे घाला, हिराकसाचा डाग कपड्यातून सहसा जात नाही.

१२० चौरस फुटांना एका हाताला साधारण तीन लिटर द्रावण लागतं. माझं प्रमाण लिटरला १०० ग्रॅम. पूर्ण विरघळू द्या, तळाचा गाळ घेऊ नका, वरचं गाळून घ्या.

दारासमोरच्या कोपऱ्यापासून सुरू करा आणि दाराकडं मागं मागं या. एकानं पंपानं तीन-चार फुटांचा पट्टा भिजवायचा, दुसऱ्यानं लगेच ब्रश गोल गोल, आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. सरळ रेषेत ओढलं तर रेषा दिसतात. पुढच्या पट्ट्याची कड आधीच्या ओल्या कडेत मिसळली पाहिजे. मध्ये चहाला थांबू नका, फोन घेऊ नका. ओल्या जागेवर परत पाय पडला तर ठसा राहतो. पंपाचा थेंब सुक्या कोब्यावर पडला तर लगेच ब्रशनं पसरवा.

आता या कामातला सगळ्यात सुंदर भाग. लावल्याबरोबर काहीच दिसत नाही, कोबा नुसता ओला. पाच-दहा मिनिटांत काळपट हिरवी झाक येते, शेवाळ धरल्यासारखी. इथं घाबरून पाणी ओतू नका. सुकत जाईल तसा कडेकडेनं पिवळा उजळतो, मग नारिंगी, मग गंजाचा तांबूस. आमच्या सोप्यात तासाभरात अर्धगोल अर्धगोल रेषा उमटल्या, हातभर अंतरावर एकेक. मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. मिस्त्री मामा वाकून बघत म्हणाले, "ही थापी फिरवल्याची खूण हाय. गवंडी गुडघ्यावर बसून मागं सरकत आला बघा, हितनं हितपर्यंत." तीस वर्षांपूर्वी कोणीतरी हातानं घोटलेलं त्या दिवशी जमिनीवर वाचता आलं. मधल्या खोलीत ज्वारीची पोती रचायचो त्या जागी चौकोनी फिकट ठसे आले आहेत. जात्याच्या जागी गोल. मी ते मुद्दाम राहू दिले.

पहिला हात पूर्ण सुकायला चार तास द्या. मग दुसरा हात, याच पद्धतीनं, पण या वेळी दिशा आडवी. फिकट वाटलं तर दुसऱ्या दिवशी तिसरा. तीनपेक्षा जास्त हातांनी रंग वाढत नाही, वर नुसती पिवळी पूड साचते.

उरलेलं द्रावण नालीत किंवा विहिरीकडं टाकू नका. एका भागाला वीस भाग पाणी घालून परसातल्या लिंबाला, शेवग्याला बुडाशी द्या. तसंच घट्ट ओतलं तर मुळं जळतात.

८. धुऊन पूड काढा

शेवटच्या हातानंतर पूर्ण एक दिवस थांबा. मग साधं पाणी टाकून ब्रशनं हलकं घासा आणि वायपरनं ओढा. पाणी गंजासारखं येईल. रंग चालला म्हणून जीव कासावीस होतो, पण ती न बसलेली पूड असते. दोन-तीन वेळा करा. शेवटी पांढऱ्या सुती फडक्यानं पुसा. फडकं जवळजवळ स्वच्छ निघालं की झालं. ही पूड राहिली तर सीलर तिच्यावर बसतो आणि तिच्याबरोबरच सुटतो.

ॲसिड स्टेन वापरला असेल तर पहिल्या धुण्यात बादलीभर पाण्याला वाटीभर खाण्याचा सोडा घाला, म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं.

यानंतर दोन ते तीन दिवस वाळवणं. प्लास्टिकच्या कागदाची परीक्षा पुन्हा एकदा घ्या.

९. सील करा

सील न केलेला कोबा स्वयंपाकघरात टिकत नाही. चिंचेचं पाणी, लिंबू, ताक, लोणच्याचा खार सिमेंट खातं आणि फिके चट्टे पाडतं. हळदीचं आणखी वेगळं. सिमेंट मुळात क्षारी, त्यामुळं हळद सांडली की पिवळी न राहता लालभडक होते, साबण लावला की जास्तच. सूनबाई नवीन असेल तर तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर उगीच घाबरेल.

चार पर्याय आहेत.

पाण्यातला ॲक्रिलिक सीलर: लावायला सोपा, वास कमी, सोप्याला आणि झोपायच्या खोलीला पुरेसा. घासला गेला की वरून पुन्हा हात देता येतो. मी हाच वापरला.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन: महाग, पण गरम भांडं, तेल, हळद जास्त सोसतो. स्वयंपाकघराला हाच घ्या. लावताना दारं-खिडक्या सताड उघड्या, शेगडी आणि देवाचा दिवा बंद.

जवसाचं उकळलेलं तेल: आपल्याकडं जवस पिकतो, त्यामुळं हा सल्ला गावात कोणी ना कोणी देतोच. रंग खोल दिसतो आणि खर्च कमी. पण सुकायला बरेच दिवस लागतात, वास राहतो आणि धूळ चिकटते. सगळ्यात महत्त्वाचं, तेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. कडब्याच्या गंजीजवळ तर अजिबात नको.

मेणाचं पॉलिश: सीलरवरून शेवटचा हात म्हणून उत्तम. नुसतं मेण ठेवलं तर महिन्या-दोन महिन्याला पुन्हा लावावं लागतं.

पद्धत एकच. दोन पातळ हात. जाड एक हात दिला तर आत बुडबुडे राहतात, पांढुरका पडतो. डब्यावर दोन हातांत किती अंतर ठेवायचं ते लिहिलेलं असतं, ते पाळा. डबा जोरात हलवू नका, काठीनं सावकाश ढवळा. रोलर दाबू नका, नुसता फिरू द्या. तिरप्या उजेडात वाकून बघा, सुटलेली जागा लगेच दिसते.

ओटा, न्हाणी आणि पायऱ्यांना चकचकीत सीलर देऊ नका. पाणी पडलं की पाय घसरतो, घरात म्हातारी माणसं असतील तर हा धोका घेऊच नका. मॅट प्रकार घ्या किंवा न घसरण्यासाठी मिसळायची पावडर मिळते ती घाला.

१०. वापर कधी आणि कसा

एक दिवसानंतर अनवाणी चालायला हरकत नाही. सामान तीन दिवसांनी, आणि ते ओढत न आणता उचलून आणा. कॉट-कपाटाच्या पायांखाली जुन्या सतरंजीचे तुकडे घाला. आठवडाभर फरशीवर पाणी साचू देऊ नका, प्लास्टिकची चटई अंथरू नका, खाली ओल कोंडते.

पुसायला साधं पाणी, फार तर थोडं सौम्य साबण. फिनेल रोज नको, ॲसिड कधीच नको. शेणानं सारवायची सवय असेल तर ती ओट्यापुढच्या मातीच्या अंगणापुरती ठेवा. पोळ्याला किंवा पाडव्याला रांगोळी काढायला काही अडचण नाही, मात्र रंगीत रांगोळी ओली होऊ देऊ नका.

घरात वावर असलेल्या वाटेवर, म्हणजे दारापासून चुलीपर्यंत, सीलर आधी झिजतो. तिथं वर्ष-दीड वर्षानं थेंबाची परीक्षा घ्या. थेंब शिरू लागला तर ती वाट धुऊन, वाळवून, एक पातळ हात द्या. ओट्यावर ऊन-पाऊस असल्यानं दोन वर्षांत हे करावंच लागतं.

नवा कोबाच करणार असाल तर

मग रंग चढवायच्या भानगडीत न पडता वरच्या थरातच रंग मिसळून घ्या. लाल, पिवळा, काळा ऑक्साईड सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, त्यापेक्षा जास्त टाकला तर थर कच्चा होतो. कोरडं सिमेंट आणि रंग आधी एकत्र चाळून घ्या, सगळ्या खोलीचं एकदमच, नाहीतर दुपारचा घाणा सकाळच्या घाण्याशी जुळत नाही. काचपट्टी टाकून भाग पाडा, कोणताही भाग दोन मीटरपेक्षा लांब ठेवू नका. आणि घोटाई झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून मातीचे बांध घालून किमान सात दिवस पाणी भरून ठेवा. टँकरच्या दिवसांत हे जमणार नसेल तर काम पुढं ढकला. ओली पोती टाकून दिवसातून तीनदा भिजवणं हा दुसरा मार्ग आहे, पण पोती गोणपाटाची, धुतलेली घ्या. रंगीत छपाईच्या पोत्यांची अक्षरं कोब्यावर उमटलेली मी शेजारच्या घरात पाहिली आहेत, ती अजून तिथंच आहेत.